चौथा स्क्रू

फॉर्म सलग तिसऱ्या वर्षी परत आला तेव्हा व्हर्ना कुचेराने तो मुकाट्याने पर्समध्ये टाकला नाही. काउंटरवरच पसरला आणि त्यावर दोन्ही हात टेकून उभी राहिली. काउंटरपलीकडचा ब्रेडन तिशीचा, चष्मेवाला, स्वभावाने बरा माणूस होता. वेनलॉक शहराच्या क्रीडा-सन्मान भिंतीचं कामकाज तो बघायचा. नियम त्याने केलेले नव्हते हे व्हर्नालाही कळत होतं. पण एकाहत्तराव्या वर्षी समोर जो सापडेल त्याच्यावर राग काढायचा, असं तिचं झालं होतं.

"मी तरी काय करू मॅडम? 'एकूण गुण' या चौकटीत हजाराच्या खालचा आकडा आला की कॉम्प्युटर फॉर्म मागे फेकतो. तुम्ही शून्य लिहिलंय."

"शून्यच आहेत म्हणून लिहिलंय."

"चार वर्षं शाळेच्या टीममध्ये होतात आणि एकसुद्धा बास्केट नाही?"

"एकसुद्धा नाही. मी गार्ड होते."

"पण गार्डसुद्धा बास्केट—"

"ते आत्ताचे रे! पाच जणांच्या खेळातले. आम्ही सहा जणी खेळायचो. घरी जाऊन आजीला विचार."

आयोवात त्या काळी मुलींचं बास्केटबॉल वेगळं होतं. मुलींची छाती धावून फुटेल अशी कुणा शहाण्यांना काळजी वाटली होती, म्हणून त्यांनी कोर्टाचे मधोमध दोन भाग करून टाकले. टीममध्ये सहा जणी. तीन फॉरवर्ड एका अर्ध्यात, त्यांनी फक्त बास्केट टाकायचे. तीन गार्ड दुसऱ्या अर्ध्यात, त्यांनी फक्त समोरच्यांना अडवायचं. हातात चेंडू आला की दोन टप्पे, तिसरा मारला की शिट्टी. आणि मधली रेघ कुणी ओलांडायची नाही. गार्डने चेंडू मिळवायचा, रेघेपर्यंत न्यायचा आणि पलीकडच्या मैत्रिणीकडे फेकून द्यायचा. मग कमरेवर हात ठेवून पलीकडे काय चाललंय ते बघत उभं राहायचं. टाळ्या तिकडे पडायच्या. स्कोअरबुकात गार्डच्या नावापुढे एकाच गोष्टीची नोंद व्हायची, ती म्हणजे फाउल. व्हर्नाच्या चार वर्षांची सरकारदरबारी शिल्लक राहिलेली कामगिरी काय, तर एकसष्ट फाउल.

"एक मार्ग आहे," ब्रेडन आवाज खाली आणत म्हणाला. "'खेळाचे मित्र' असा एक विभाग आहे. त्यात गुणांची अट नाही. त्यात टाकू?"

"त्यात अजून कोण आहे?"

ब्रेडनची नजर भिंतीकडे गेली. जाणारच. व्हर्नाने वळून भिंतीकडे बोट केलं. नव्या स्टेडियमच्या प्रवेशदालनात ती भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पितळी पाट्यांनी भरली होती. बेसबॉलवाले, कुस्तीवाले, आइस हॉकीवाले. बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र तीस वर्षं चालवणाऱ्या माणसाची पाटी होती, त्याबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं, त्याने काम तरी केलं होतं. पण डोळ्यांच्या बरोबर रेषेत, सगळ्यात मोक्याच्या जागी, कर्नल कॉबची पाटी होती. कर्नल कॉब म्हणजे बेसबॉलच्या सामन्यांत मक्याच्या कणसाचा पोशाख घालून पोट हलवत नाचणारा माणूस.

"त्या कणसाच्या शेजारी?" व्हर्ना म्हणाली. "मी खेळाची मैत्रीण नव्हते रे बाबा. मी खेळत होते."

"समजतंय मला. पण मंगळवारी कमिटीची बैठक आहे, आणि जुन्या नियमांच्या खेळाडूंसाठी हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षीपासून ती यादीच बंद. सोमवारी दुपारपर्यंत काहीतरी भरून द्या. तुमच्या टीमचे एकूण गुण टाका हवं तर. कोण बघायला येतंय?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्याचे गुण आपल्या नावावर टाकायचे! म्हणजे बर्नडीनच्या आणि शार्लीनच्या नावावरही टाकायचे, कारण फॉर्मवर नावं तीन होती. बर्नडीन होर्की, शार्लीन डोस्टल, व्हर्ना कुचेरा. साउथ साइड शाळेच्या, १९७० सालच्या तीन गार्ड. शार्लीन ॲरिझोनात मुलाकडे होती, तिला आता सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नव्हतं. बर्नडीन मार्चमध्ये गेली. तिच्याबद्दल पेपरात जे छापून आलं त्यात तिच्या कोलाच्यांचं, म्हणजे सारण भरलेल्या गोड पावांचं, कौतुक सहा ओळी होतं. जर्दाळूचे, खसखशीचे, चर्चच्या जत्रेतले. शेवटी एक वाक्य: शाळेत असताना त्या बास्केटबॉलही खेळत. 'ही'! तो एक 'ही' वाचून व्हर्नाने पेपर फाडून टाकला होता.

ती फॉर्म घेऊन निघाली. दालनाच्या मधोमध जुन्या कोलिझियमच्या लाकडी फरशीचा मोठा तुकडा बसवलेला होता. पुरात ती इमारत गेली, एवढंच वाचलं. त्यावर मधली रेघ अजून स्पष्ट होती, आणि येणारेजाणारे कॉफीचे कप घेऊन बिनदिक्कत ती तुडवत जात होते. व्हर्ना भिंतीच्या कडेकडेने वळसा घालून बाहेर पडली. या दालनात यायला लागल्यापासून तिने ती रेघ एकदाही ओलांडली नव्हती. ठरवून नव्हे, पायच उचलत नसत.

दाराशी रविवारच्या पाटी लावण्याच्या कार्यक्रमाचा फलक होता. मार्लिस ओल्डनबर्ग, वेस्ट हाय शाळा, १९६७ ते १९७०. दोन हजार नऊशे चौदा गुण. खाली फोटो, उंच उडी घेतलेला. फोटोतला समोरच्या गार्डचा भाग कापून टाकला होता. उजव्या कडेला फक्त एक हात उरला होता, बोटं ताणलेली.

व्हर्ना त्या हाताकडे बराच वेळ बघत राहिली. करंगळी वाकडी होती. तिने आपली करंगळी बघितली.

रविवारी दुपारी ती चर्चच्या कपड्यांतच आली, पायात मात्र रबरी तळव्याचे बूट. ओट्सच्या कारखान्यात अडतीस वर्षं पॅकिंगच्या पट्ट्यावर उभं राहून तिला दुसरे बूट सोसतच नव्हते. ठरवून आली होती की कमिटीचा अध्यक्ष सगळ्यांसमोर माइकजवळ असताना फॉर्म त्याच्या हातात द्यायचा, मग बघू कॉम्प्युटर काय करतो ते. एवढंच. पुढचं काही तिच्या मनात नव्हतं.

दोनेकशे माणसं जमली होती. जुन्या फरशीच्या एका टोकाला चाकांवरचा बास्केटचा खांब उभा केला होता, आणि त्या अर्ध्याच्या कडेने खुर्च्या मांडल्या होत्या. रेघेच्या पलीकडे कमिटीचं टेबल. मध्ये अध्यक्ष डग विटमर, साठीचा, रुंद खांद्यांचा, दातांचा डॉक्टर. तरुणपणी शहराच्या हॉकी टीमचा गोलरक्षक होता, त्याचीही पाटी भिंतीवर होतीच. तो विनोद करत होता आणि लोक हसत होते.

मार्लिस पुढच्या रांगेत बसली होती. केस पांढरेशुभ्र, पाठ ताठ, लाल कोट. खुबा बदलून वर्ष झालं होतं, तरी काठी नाही. त्रेपन्न वर्षांत दोघी एका शहरात राहून एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. दुकानात भेट झाली तर मान हलवायच्या. शाळेत असताना एका संध्याकाळी इतक्या जवळून एकमेकींचा घाम हुंगला होता की नंतर बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

ती संध्याकाळ म्हणजे जिल्ह्याची अंतिम लढत. जिंकेल ती टीम डे मॉइनला, राज्याच्या स्पर्धेला जाणार. कोलिझियममध्ये सहा हजार माणूस. मार्लिस प्रत्येक सामन्यात चाळीस-पन्नास गुण सहज करायची, आणि पेपरवाल्यांनी तिचा आकडा आधीच छापून ठेवल्यासारखा होता. त्या दिवशी तिने अकरा केले. त्यातले सात फाउलनंतरच्या मोकळ्या फेकीचे. साउथ साइड दोन गुणांनी जिंकली. डे मॉइनला पहिल्याच सामन्यात मार खाऊन परत आली, ते जाऊ दे. पण वेनलॉकच्या पेपरात दुसऱ्या दिवशी मथळा काय आला? मार्लिस आजारी होती का? व्हर्नाला तो मथळा अजून तोंडपाठ होता. आजारी! अख्खा सामना ती बाई घोड्यासारखी धावत होती.

"आणि आता," डग माइकवर म्हणाला, "पाटी लावण्याआधी आपली मार्लिस आपल्याला तो जुना शॉट करून दाखवणार आहे! सहा जणींच्या खेळात कसं असायचं, फॉरवर्ड तिथे एकटी उभी राहायची आणि टाकत सुटायची. हो ना मार्लिस?"

लोक हसले. मार्लिस हसली नाही. कोट खुर्चीवर ठेवून उठली आणि चेंडू हातात घेतला.

एकटी उभी राहायची! व्हर्नाच्या कानशिलात रक्त उसळलं. ती कधी उठली, खुर्च्यांमधून कधी बाहेर आली, हे तिलाच कळलं नाही. पर्स शेजारणीच्या मांडीवर टाकली होती हे नंतर आठवलं. भानावर आली तेव्हा ती मार्लिसच्या समोर हातभर अंतरावर उभी होती. गुडघे वाकलेले, एक हात वर, एक हात बाजूला, नजर मार्लिसच्या पोटावर. चेंडू फसवतो, डोळे फसवतात, खांदे फसवतात. पोट फसवत नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, बर्नडीनने आणि तिने मिळून शोधून काढलं होतं.

"अरे वा," डग हसत म्हणाला, "पाहुणी आलेली दिसतेय!"

मार्लिसच्या कपाळावर एक आठी चढली आणि उतरली.

"कुचेरा," ती हळू म्हणाली. "आलीस होय."

"टाक ना," व्हर्ना म्हणाली. "एकटीच आहेस म्हणे."

"माझा खुबा नवा आहे, बरं का."

"माझे गुडघे जुने आहेत. टाक."

मार्लिसने डावीकडे झुकायचा बहाणा केला. व्हर्ना हलली नाही. मार्लिसने एक टप्पा मारून उजवीकडे घेतलं, व्हर्ना आधीच तिथे होती. गुडघ्यातून कळ निघाली ती मांडीपर्यंत गेली. दुसरा टप्पा. लोक पुन्हा हसले, पण आता थोडे कमी. दोन टप्पे संपले. तिसरा मारता येत नाही, हे त्या दोनशे माणसांत फार तर वीसेक म्हाताऱ्यांना माहीत होतं, आणि त्या वीसजणी एकदम पुढे सरकून बसल्या.

मार्लिस चेंडू छातीशी धरून उभी. व्हर्ना तिच्यावर, स्पर्श न करता. दोघींचे श्वास वाजत होते.

"मेले, अजून तशीच चिकटतेस," मार्लिस दातांतून म्हणाली. "त्या दिवशी घरी जाऊन मी काय केलं माहितीये? न्हाणीघरात बसून रडले. बाप बाहेरून विचारत होता, तुला ताप होता ना गं? म्हटलं, हो."

"हो म्हटलंस?"

"सतरा वर्षांची होते. म्हटलं."

"पेपरवाल्यांनाही म्हटलंस?"

मार्लिसने उडी मारली. उडी कसली, टाचा उचलल्या. पण मनगट जुनंच होतं, चेंडू सुरेख सुटला. आणि व्हर्नाची वाकडी करंगळी त्याला लागली. चेंडू कडेला गेला, खुर्च्यांखाली घरंगळला. मागून एका म्हातारीने खणखणीत आवाजात "अस्सं!" म्हटलं.

"छान, छान, फारच छान," डग माइकवर म्हणाला, "आता बाई, आपण जरा बाजूला होता का? मार्लिसला एक नीट टाकू द्या. फोटो काढायचाय."

"गप रे डग," मार्लिस म्हणाली. तिने कुणीतरी परत दिलेला चेंडू घेतला आणि व्हर्नाच्या पोटात ढकलला. "घे. तू टाक. चार वर्षांत एकदाही टाकलेला नाहीस. टाक एक. सगळे बघतायत."

"टाका! टाका!" लोक ओरडायला लागले. त्यांना आता हे सगळं गोड वाटत होतं. दोन म्हाताऱ्या, जुनं वैर, एक शॉट, टाळ्या, घरी जाऊन जेवण. व्हर्नाला त्या गोडव्याची शिसारी आली. एक बास्केट टाकला की हिचं झालं, असं या सगळ्यांना वाटत होतं. बर्नडीनचं काय झालं? शार्लीनचं?

तिने चेंडू खाली ठेवला. नीट, दोन्ही हातांनी, हलणार नाही असा.

"गार्ड टाकत नाही," ती म्हणाली.

मग तिने कोटाच्या खिशातून घडी घातलेला फॉर्म काढला आणि टेबलाकडे चालू लागली. टेबल रेघेच्या पलीकडे होतं. रेघेशी तिचे पाय थांबले, बुटांची टोकं बरोबर काठाशी. ती का थांबली ते मागच्या म्हाताऱ्यांना कळलं. व्हर्नाने खाली बघितलं, मग डगकडे बघितलं.

"वाजव शिट्टी वाजवायची असेल तर," ती म्हणाली आणि ओलांडून गेली.

फॉर्म तिने त्याच्या समोर आपटला. माइक चालू होता, त्यामुळे तो आवाज दालनभर झाला.

"डग, तू हॉकीत किती गोल केलेस?"

"मी?" डग हसला. "मी गोलरक्षक होतो, बाई."

"किती केलेस विचारलं मी."

"एकही नाही. गोलरक्षक कसा करणार—"

तो मध्येच थांबला. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, त्याचं काय करावं हे त्याला कळेना.

"तुझी पाटी वाचलीये मी," व्हर्ना म्हणाली. "अडवलेले फटके, चार हजार एकशे बारा. कुणीतरी शेजारी बसून मोजले म्हणून तू भिंतीवर. आमचे कुणी मोजले नाहीत. आमचे फाउल मोजले. आणि आता मला म्हणता शून्य आहे, मागे घ्या. म्हणता कणसाच्या शेजारी बसा. म्हणता दुसऱ्याचे गुण लिहा, कोण बघतंय. अरे, मी बघतेय ना! शून्यच लिहा. पितळेवर लिहा, मोठ्ठं लिहा, आणि खाली लिहा की मार्लिस ओल्डनबर्ग, अकरा. ती आजारी नव्हती."

"व्हर्ना, हे बघा, असं एकदम होत नाही," डग माइक हाताने झाकत म्हणाला. "कमिटीचे नियम आहेत. आम्ही मंगळवारी अवश्य विचार करू."

"तीन वर्षं विचारच करताय. एक जण मेली तेवढ्यात."

कुणी टाळी वाजवली नाही. बरं झालं, वाजवली असती तर तिने तिथेच कुणाला तरी फैलावर घेतलं असतं. ती आपली पर्स घ्यायला वळली. आता दालनातून निघून जायचं आणि पुन्हा इथे पाय ठेवायचा नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

मागे कार्यक्रम कसाबसा पुढे सरकला. भिंतीजवळ पाटी तयार होती. तीन कोपऱ्यांचे स्क्रू आधीच बसवलेले असतात, चौथा ज्याचा सन्मान त्याने स्वतःच्या हाताने बसवायचा, ही या भिंतीची पहिल्यापासूनची रीत. ब्रेडनने मार्लिसच्या एका हातात स्क्रू दिला, दुसऱ्या हातात पेचकस. फोटोवाला सरसावला.

मार्लिसने पेचकस ब्रेडनला परत दिला.

"मार्लिस?" डग म्हणाला.

ती दालन पार करून व्हर्नाकडे आली. लंगडत होती, खुबा दुखावला होता. तिने व्हर्नाची मूठ उघडली, स्क्रू त्यात ठेवला आणि मूठ मिटली.

"हे काय? मला तुझे उपकार नकोत."

"उपकार कसले? तुझ्यावर कोण उपकार करतंय?" मार्लिस तिच्याइतकीच चिडली होती. "दोन हजार नऊशे चौदा. कुणाच्या डोक्यावरून टाकले ते? रिकाम्या भिंतीवर टाकले मी? प्रत्येक वेळी समोर एक पोरगी होती, आणि तिचं नाव कुठेच नाही. मग माझा आकडा काय कामाचा? तुमची पाटी लागेल त्या दिवशी हा आणून दे. तोपर्यंत माझी तीन स्क्रूंवर लोंबकळू दे. लोक विचारतील. मी सांगेन."

"काय सांगशील?"

"की ताप नव्हता."

व्हर्नाने स्क्रूची मूठ घट्ट आवळली. ती तडक बाहेर पडली.

सोमवारी सकाळी दार उघडलं तेव्हा ती काउंटरवर हजर होती. गुडघ्याला पट्टा बांधलेला. तिने चौथा फॉर्म भरला, एकूण गुणांच्या चौकटीत शून्य लिहिलं आणि पुढे सरकवला. ब्रेडनने आकडे कॉम्प्युटरवर टाकले. थांबला.

"परत फेकतोय, मॅडम."

"मग परत टाक. मला वेळ आहे."

त्याने परत टाकला. तो परत आला. त्यांच्या मागे भिंतीजवळ एक माणूस बायकोला विचारत होता, ही एकच पाटी वाकडी का गं? ब्रेडनने त्या दोघांकडे बघितलं, मग व्हर्नाच्या मिटलेल्या मुठीकडे. त्याने कॉम्प्युटरचा पडदा पलीकडे वळवला. खणातून एक कोरा कागद काढला, ज्यावर कुठलीही चौकट नव्हती, आणि पेन उघडलं.

"उद्या बैठकीत मीच वाचून दाखवतो," तो म्हणाला. "सांगा. पहिलं नाव?"

"बर्नडीन होर्की," व्हर्ना म्हणाली. "मोठ्या अक्षरात लिही. पुढे लिही, गुण शून्य."